ताई उशिरा येते तेव्हा

१

सलाईनची गाडी पोचली नाही म्हणून एका इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेल्या बाईला पुन्हा खाटेवर आणून ठेवावं लागलं. गाडी वाटेत बिघडली नव्हती. ती निघालीच नव्हती. औषधांच्या मोठ्या गोदामाच्या आवारात ती इतर गाड्यांच्या रांगेत उभी होती आणि चालक दारं उघडी टाकून शिव्या देत बसले होते. आत स्क्रीनवर एक लहानसं चाक नुसतं फिरत होतं. सलाईन कुठल्या फडताळात आहे, कुठल्या तारखेचं आहे, किती आहे, हे यंत्राने सांगितल्याशिवाय गोदामातून माल हलत नाही. आणि यंत्र मूग गिळून बसलं होतं.

हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. गेले कित्येक आठवडे अधूनमधून असंच चाललं होतं. आदल्या दिवशी सुरळीत, दुसऱ्या दिवशी सुरळीत, आणि मध्येच एखादी सकाळ अशी की चहा करून, पिऊन, कप विसळून आलं तरी उत्तर नाही.

मग ताई आली. गोदामाचा सगळा डेटाबेस सांभाळणारी ती एकटी. वयाने फार मोठी नव्हे, पण मुकादमापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. घाईघाईने पर्स टेबलावर टाकून ती बसली, काहीतरी टाइप केलं, आणि चाक थांबलं. उत्तरं धडाधड यायला लागली. गाड्या भरू लागल्या.

शाबासकीऐवजी दारात मोठे साहेब उभे होते.

"बाहेर या," ते म्हणाले.

आवारात, चालक आणि हमालांच्या देखत, साहेबांनी मन मोकळं केलं. "तुम्ही नसता तेव्हाच हे बंद पडतं. तुम्ही आलात की चालतं. आम्ही काय दूधखुळे आहोत? आधी आग लावायची आणि मग बादली घेऊन पळत यायचं! तुमच्यावाचून आमचं पान हलत नाही, हेच दाखवायचं होतं ना?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, मी कशाला असं..."

"कार्ड द्या इकडे. उद्या संध्याकाळी बडतर्फीच्या कागदावर मी सही करणार. त्याआधी काय सांगायचं ते दक्षता विभागाच्या माणसाला सांगा."

तिने गळ्यातलं कार्ड काढून दिलं. रडायचं नाही असं ठरवलेलं असूनही तिला रडू आलं. या धंद्यात नोकरी जाण्याचं कुणाला फार वाटत नाही, एक गेली की दुसरी मिळते. पण 'हिने मुद्दाम बंद पाडलं' एवढं चार शब्दांचं वाक्य मागे लागलं, की मग कुणीही आपल्या डेटाबेसला तुमचं बोट लागू देत नाही.

दक्षता विभागाचा माणूस दुपारी आला. पिकलेल्या मिशा, पायात जाड तळव्यांचे बूट, आवाज खाली. सगळ्या विभागांत त्याला पाठीमागे 'खोदकाम' म्हणत, कारण तो जिथे जाई तिथे रस्ता पूर्वीसारखा राहत नसे.

"एकच विचारतो," त्याने मोठ्या साहेबांना विचारलं. "कोण केव्हा काय विचारतं, याची नोंद यंत्रात असेल ना? ती काढा. वाद मिटला."

मोठे साहेब हसले. "असायची. ताईंनीच ती बंद केली."

२

ताईला तिच्याच खोलीत परकं होऊन, पाहुण्यांच्या खुर्चीत बसावं लागलं होतं. खोदकाम साहेब तिच्या खुर्चीत बसले नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.

"नोंद का बंद केली?"

"ती ठेवण्यातच यंत्राची निम्मी दमछाक व्हायची. प्रत्येक प्रश्न लिहून ठेवायचा म्हणजे काम करायचं कधी? मोठ्या साहेबांना वेग पाहिजे होता. मी दिला."

"लेखी परवानगी?"

"तोंडी."

"तोंडी म्हणजे वाऱ्यावर. ज्या दिवशी बंद पडतं, त्या दिवशी तुम्ही उशिरा येता. का?"

"सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यावं लागतं. नवरा बाहेरगावी असतो. मीच नेते."

"आणि आल्यावर काय करता? कसला मंत्र म्हणता?"

तिला राग आला, पण तिने गिळला. "मंत्र नाही. प्रत्येक औषधाच्या किती नोंदी आहेत, याचा यंत्राकडे एक अंदाज असतो. त्या अंदाजावरून ते उत्तर शोधायची वाट ठरवतं. तो अंदाज रोज पहाटे आपोआप ताजा होतो, मीच तसं बसवलंय. जुन्या वाटा पुसल्या जातात. बंद पडलं की मी तेच पुन्हा हाताने करते. की सुटतं."

"मग रोग काय आहे, ते शोधलं नाही?"

"शोधायला रोगी आजारी राहावा लागतो, साहेब. इथे मी दारात पाय ठेवते तोवर चार फोन वाजत असतात. आधी बरं करते, मग बघायला जाते, तर सगळं स्वच्छ. डिस्क तपासली, तारा तपासल्या. राखेत काडी सापडत नाही."

खोदकाम साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. तिचं म्हणणं खरं वाटत होतं. पण कसलेला चोरही खरं वाटेल असंच बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. स्वतःच नोंद बंद करायची, स्वतःच पुरावा पुसायचा, आणि वर म्हणायचं की घाई होती.

"आणि ज्या दिवशी वेळेवर येता, त्या दिवशी?"

"काहीच होत नाही. एकदाही नाही." हे बोलताना तिचं तिलाच कळलं की आपण आपल्या गळ्याभोवती फास आवळतो आहोत.

३

मुकादम माल चढवण्याच्या फलाटावर उभा होता. गोदामाचं मोठं दार सकाळी उघडणारा तोच.

"यंत्र यायच्या आधी मी डोळे मिटून माल काढायचो," तो म्हणाला. "आता ते म्हणेल तेव्हा हलायचं. सासू परवडली! आणि खोळंबा झाला की चालकांच्या शिव्या मला."

"म्हणजे यंत्र गेलं तर तुम्हाला आनंदच."

"यंत्र गेलं तर आनंद. ताई गेली तर नाही. माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीत वाढायला ती उभी राहिली होती."

"सकाळी यंत्राला हात कोण लावतं?"

"मी नाही. मला ते स्क्रीनपुढे बसणं जमत नाही, मान दुखते. आमचा कारकून गाड्या आल्यावर सलाईन विचारतो, ग्लुकोज विचारतो. तोवर सगळे आलेले असतात." मग त्याने खाली थुंकल्यासारखं केलं आणि त्याचं खरं दुखणं बाहेर आलं. "तुम्ही तपासणी करताच आहात तर एक तपासा. शीतगृहातली ती थंडीबाई दर खेपेला लिहिते, 'वाहतुकीत कुप्या फुटल्या'. म्हणजे माझ्या हमालांनी आपटल्या! अहो, फुटलेली कुपी कधी आमच्या डोळ्यांना तर दाखव. खोका ओला नाही, काच नाही. नुसता ठपका."

खोदकाम साहेबांनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्यांच्या भांडणात पडायची त्यांना घाई नव्हती.

कंपनीवाला मात्र स्वतःहून भेटायला आला. नवा, मोठा सर्व्हर विकायचा त्याचा प्रस्ताव मोठ्या साहेबांच्या टेबलावर पडून होता. कपाळावर घाम, हातात माहितीपत्रक.

"जुना बैल आहे साहेब, किती ओढणार? मी कधीपासून सांगतोय."

"बैल तुम्ही सर्व्हरच्या खोलीत जाऊन आलात की त्याच दिवशी बसतो का?"

त्याचं हसू विरलं. "मला सर्व्हरच्या खोलीत सोडतात ते ताई बरोबर असतानाच. विचारा त्यांना. आणि औषधांच्या साठ्यात बघायला माझ्याकडे पासवर्डच नाही. पेटीच्या बाहेरून हात फिरवणारा माणूस मी."

ते खरं निघालं. ताईनेच ती शिस्त घातली होती. आपल्या सुटकेचा एक दरवाजा तिने स्वतःच आधी बंद करून ठेवला होता.

शेवटी मोठे साहेब. खोदकाम साहेबांनी त्यांना विचारलं, "ताई नसते तेव्हाच बंद पडतं, हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

"आलं म्हणजे... उघड आहे."

"उघड आता आहे. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं?"

मोठे साहेब विचारात पडले. "कुणीतरी बोललं. चहाच्या वेळी. आणि मग मी बघत गेलो, तर दर वेळी तसंच."

"कोण बोललं?"

"आठवत नाही," मोठे साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते खरंच आठवत नव्हतं.

४

थंडीबाई म्हणजे गोदामाच्या फार्मासिस्ट. महागडी, नाजूक औषधं ज्या शीतगृहात असतात, त्याची किल्ली त्यांच्याकडे. बारा महिने अंगात लोकरी स्वेटर, म्हणून हे नाव. ताईची आणि त्यांची जुनी मैत्री. डबा एकत्र.

"या, पण दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "गारवा पळतो. ताईचं फार वाईट वाटतं हो मला. म्हणजे तिने केलं असेल असं मी म्हणत नाही..."

"पण?"

"पण काही नाही. घरचा ताण असतो. माणूस कधी काय करेल, सांगता येतं का?"

खोदकाम साहेब आत फिरून बघत होते. पांढऱ्या जाळीच्या फडताळांवर डबे ओळीने मांडलेले. एका कोपऱ्यात खोके एकावर एक, निळ्या चिकटपट्टीने बंद, पट्टीला कुठे चीर नाही. वर फक्त पुरवठादाराचा शिक्का आणि 'उलटे करू नये' असा बाण.

"हे काय?"

"काल संध्याकाळी आले. ज्या मुलांचं रक्त गोठत नाही ना, जरा खरचटलं तरी वाहत राहतं, त्यांचं औषध. फार महाग, फार थोडं येतं. आणि पुरवठादार बघा कसा, इतकं मोलाचं औषध, तेही जवळच्या मुदतीचं पाठवलंय. पावसाळ्याच्या आत संपवावं लागणार."

"अजून फोडले नाहीत?"

"फोडायला सवड कुठे मिळाली? आज सकाळपासून हाच गोंधळ. उद्या फोडीन."

"उद्या फोडाल तेव्हा मला बोलवा. माझ्या भाचीच्या मुलाला असलंच काहीतरी आहे, औषध दिसतं कसं ते तरी बघतो." ही भाची त्यांनी जागच्या जागी जन्माला घातली होती. "सकाळी तुम्हीच लवकर येता ना?"

"हो, मुकादमाच्या पाठोपाठ. थर्मामीटर बघायचं, आकडा लिहायचा, बस्स. माझ्या स्क्रीनला मी ताई येईपर्यंत हातसुद्धा लावत नाही. उगाच काही बिघडलं तर माझ्यावर नको."

खोदकाम साहेब बाहेर आले. अंगावर काटा होता, तो गारव्याचा की आणखी कशाचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आवाराच्या कडेला ताई एकटीच बाकावर बसली होती.

"उद्या उशिरा या," ते तिला म्हणाले.

"काय?"

"उद्या तुमचा सासऱ्यांना न्यायचा दिवस नाही. तरी उशिरा या. यंत्र बंद पडलेलं असेल. आल्यावर त्याला बरं करायचं नाही. लोक ओरडतील, मोठे साहेब नाचतील. हात लावायचा नाही."

"साहेब, उद्याही बंद पडलं तर ते संध्याकाळची वाट बघणार नाहीत. उभ्या उभ्या घालवतील मला."

"म्हणून तर विचारतो. रोगी आजारी राहिला तर तुम्ही रोग ओळखाल का?"

"ओळखीन," ती म्हणाली. " निदान ओळखता आला पाहिजे."

५

दुसऱ्या दिवशी यंत्र बसलं.

या वेळी गाड्या अडल्या नाहीत. खोदकाम साहेबांनी मुकादमाला आदल्या संध्याकाळीच सांगून सकाळचा नेहमीचा माल भरून ठेवायला लावला होता, आणि मुकादम सकाळपासून छाती काढून फिरत होता. पण आत कारकून स्क्रीनसमोर डोक्याला हात लावून बसला होता. सलाईन विचारलं होतं, चाक फिरत होतं.

ताई आली. मोठे साहेब, कंपनीवाला, थंडीबाई, मुकादम, सगळे तिच्या खोलीत जमले होते. मोठ्या साहेबांनी नाइलाजाने तिचं कार्ड तेवढ्यापुरतं परत दिलं. "करा चालू!"

"नाही," खोदकाम साहेब म्हणाले. "तिला बघू द्या."

ताई बसली. बोटं चालू लागली आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू मागे सरली. रोगी प्रथमच आजारी अवस्थेत तिच्या हाती लागला होता.

"डिस्क ठीक आहे," ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली. "एका प्रश्नाने दुसऱ्याला अडवलेलं नाही. अंदाज ताजा आहे... मग ही वाट का घेतली? अगं बाई! अरे, ही तर एका कुपीची वाट आहे!"

"मराठीत सांगा," मोठे साहेब म्हणाले.

तिने मुकादमाकडे वळून विचारलं, "दादा, एक कुपी आणायची तर काय करता?"

"सरळ फडताळावर जातो, काढतो, येतो."

"आणि सलाईनचे हजारो डबे?"

"हातगाडी घेऊन गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला."

"यंत्रही तेच करतं. दोन्ही वाटा त्याला माहीत आहेत. पण कुठली वाट घ्यायची, ते प्रत्येक वेळी नव्याने ठरवत बसत नाही. पहाटे वाटा पुसल्यावर जो पहिला प्रश्न येतो, त्याच्यासाठी ठरवतं आणि मग तीच वाट लक्षात ठेवून दिवसभर सगळ्यांना लावतं. एरवी त्यात वेळ वाचतो. पण आज पहिला प्रश्न अशा औषधाचा आला, ज्याच्या नोंदी मोजक्याच आहेत."

"म्हणजे," मुकादमाने डोळे मोठे केले, "हातगाडी सोडून सलाईनची एकेक बाटली आणायला निघालंय ते! जा, आण, जा, आण! मेलंच की बिचारं!"

"आणि पहिला प्रश्न सलाईनचा असेल तर?" खोदकाम साहेबांनी विचारलं.

"तर हातगाडीची वाट ठरते. मग एका कुपीलाही हातगाडी नेतं. थोडं हसू होतं, पण कुणाचं अडत नाही."

"तुम्ही वेळेवर येता, त्या दिवशी पहिला प्रश्न कोण विचारतं?"

"मीच. दार उघडल्या उघडल्या आत येते आणि आधी सलाईन विचारून बघते. उत्तर आलं की चहाला जाते. नुसती सवय..." तिने तोंडावर हात ठेवला. "इतकी वर्षं मी स्वतःच ते नीट वाटेला लावत होते आणि मला पत्ता नव्हता!"

मोठे साहेब खाकरले. "हे सगळं ठीक. पण पहिला प्रश्न कुणी विचारला, ते कसं कळणार? नोंद तर बंद आहे."

"कुणी, ते नाही कळणार," ताई म्हणाली. "पण वाट ठरवताना काय विचारलं होतं, ते यंत्र वाटेबरोबर लक्षात ठेवतं. आजवर मी दर वेळी वाट पुसून टाकत होते, म्हणून तेही पुसलं जात होतं." ती स्क्रीनकडे झुकली. "हे बघा. रक्त न गोठणाऱ्या मुलांचं औषध."

मोठे साहेब, मुकादम आणि कंपनीवाला, तिघेही एकदमच थंडीबाईंकडे बघू लागले.

६

"मी नाही विचारलं," थंडीबाई म्हणाल्या. "कालच सांगितलं यांना. सकाळी मी स्क्रीनला हात लावत नाही."

"सांगितलंत," खोदकाम साहेब म्हणाले. "आणि तिथेच मला शंका आली. मुकादम स्क्रीनपुढे बसत नाहीत. कंपनीवाल्याकडे पासवर्ड नाही. कारकून गाड्या आल्यावर विचारतो. मोठे साहेब उशिरा येतात..."

"मी वेळेवर येतो!"

"...इतरांपेक्षा उशिरा येतात. राहिल्या तुम्ही. तरी ते नुसतं अनुमान झालं. पण काल तुम्ही म्हणालात, नव्या खोक्यांतलं औषध जवळच्या मुदतीचं आहे. खोके बंद होते. पट्टीला चीर नव्हती. बाहेर फक्त शिक्का आणि बाण. आतल्या कुप्यांवरची मुदत तुम्हाला कशी कळली?"

थंडीबाईंनी स्वेटरची बटणं लावायला घेतली. ती आधीच लावलेली होती.

"ताई, ती मुदत आणखी कुठे सापडते?"

"पुरवठादार माल पाठवतो तेव्हा त्याची यादी आपोआप यंत्रात येते," ताई सावकाश म्हणाली. "त्यात मुदत असते. किती कुप्या, तेही असतं."

"म्हणजे काल खोके फोडण्याआधी तुम्ही यंत्राला विचारलं होतं. आज ते माझ्यासमोर फोडायचे, म्हणून सकाळी आकडा पुन्हा बघाल, असा माझा कयास होता. आता मला सांगा बाई, साठा बघणं तुमचं कामच. त्यात लपवण्यासारखं काय? 'हो, विचारलं,' म्हणाला असतात तर मी पुढच्या माणसाकडे गेलो असतो. तुम्ही नाकारलंत. विचारणं गुन्हा नव्हता. मग कशाला भ्यायलात?"

त्यांनी मुकादमाला खूण केली. शीतगृहातले खोके उचलून आणले गेले आणि सगळ्यांसमोर फोडले गेले. एकही कुपी फुटलेली नव्हती. यादीत होत्या तेवढ्याच होत्या.

"आज पहिल्यांदाच एकही फुटली नाही," मुकादम म्हणाला. "आज पहिल्यांदाच खोके आम्ही फोडले!"

"बहिणीचा मुलगा आहे," थंडीबाई एकाएकी म्हणाल्या. आवाज खरखरीत झाला होता. "त्याचा गुडघा सुजला की तो रात्रभर दात आवळून पडून राहतो, ओरडत नाही. इस्पितळात नंबर लावलाय, नंबर येतो आणि औषध संपलेलं असतं. मी रोज ते औषध हातात धरते. माझ्या हातून ते दुसऱ्याच्या मुलांकडे जातं. किती दिवस बघायचं? खेपेला एखाददुसरी कुपी घेत गेले. फुटली म्हणून लिहायची, तर यंत्रात किती आल्यात हे आधी बघायला लागायचं. विकली नाही एकही. शपथ घेऊन सांगते."

"ती दुसऱ्या एखाद्या मुलाला कमी पडली," खोदकाम साहेब म्हणाले. कठोरपणाने नव्हे, पण त्यांनी ते म्हटलं.

मोठे साहेब घाम पुसत होते. "हे बघा, झालं ते झालं. बाईंची बदली करू. ताई, तुम्ही उद्यापासून या नेहमीसारख्या. बाहेर कशाला चर्चा? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"माझी मूठ तुम्ही आवारात सगळ्यांसमोर उघडलीत, साहेब," ताई म्हणाली. "ती तशीच झाकायची म्हणजे माझ्या नावाला लागलेलं तसंच ठेवायचं. बाहेर चला."

मोठ्या साहेबांनी खोदकाम साहेबांकडे पाहिलं. त्यांनी दाराकडे हात केला. 'आपण चला' अशा थाटात.

बाहेर चालक जमले होते. मोठे साहेब बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"ऐकू येत नाही!" मुकादम मागून ओरडला. "परवा... नाही, कालच किती खणखणीत आवाज होता!"

"ताईंचा यात दोष नव्हता," मोठे साहेब मोठ्याने म्हणाले. "मी पूर्ण चौकशी न करता बोललो. चूक माझी." चालकांपैकी कुणीतरी शीळ घातली. बाकीचे हसले आणि आपापल्या गाड्यांकडे गेले. एवढंच झालं. पण त्या गाड्या शहरातल्या प्रत्येक इस्पितळात जाणार होत्या.

ताई आत आली तेव्हा थंडीबाई अजून तिथेच होत्या. खोदकाम साहेब जबाब घ्यायला कागद शोधण्याच्या निमित्ताने बाहेर थांबले होते.

"मला खरंच माहीत नव्हतं गं," थंडीबाई म्हणाल्या. "माझ्या विचारण्याने ते बंद पडतं, हे मला स्वप्नातही..."

"ते मला पटतं," ताई म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं, तर तुला कुठून असणार? पण एक सांग. मी नसते तेव्हाच बंद पडतं, हे साहेबांच्या कानावर घालणारी तू ना?"

थंडीबाईंनी खाली पाहिलं. "सहज बोलले. चहा पिताना. सगळे कारणं शोधत होते. मला वाटलं, कुणी माझ्या शीतगृहाकडे बघू नये."

"आणि साहेबांच्या डोक्यात ती पहिली वाट बसली. पुढचं सगळं तिच्यावरून चालत गेलं."

"तुला काढतील असं नव्हतं गं वाटलं."

"काल काढलं तेव्हा तू खिडकीत उभी होतीस. मी बघितलं."

"माझ्याशी बोलणं टाकणार का गं?" थंडीबाईंनी विचारलं.

ताईने खुर्ची पुढे ओढली. कारकून पलीकडून ओरडत होता, सलाईनचं चाक अजून फिरतच होतं. या वेळी तिने नुसती वाट पुसली नाही. प्रत्येक प्रश्नासाठी यंत्राने नव्याने वाट ठरवावी, अशी सोय ती बसवू लागली. त्यात यंत्राला जरा जास्त कष्ट पडणार होते, पण आता पहिला प्रश्न कुणाचाही असला तरी चालणार होता. कोण काय विचारतं, ती नोंदही तिने पुन्हा सुरू केली.

"मुलाचा नंबर कुठल्या इस्पितळात आहे?" तिने मान न वळवता विचारलं.

थंडीबाईंनी सांगितलं.

"या खोक्यांतून त्यांच्याकडे किती जायच्यात ते मी बघते. नियमाने जेवढ्या जायच्या तेवढ्या आजच्या गाडीने जातील. एक जास्त नाही. आणि त्याचा नंबर कधी आहे, ते तिथे फोन करून विचारते."

"आणि माझं?"

"तुझं बाहेर ते साहेब बसलेत, त्यांना सांग. सगळं सांग." तिने एंटर दाबलं. पलीकडे कारकुनाने टाळी वाजवली, सलाईन आलं होतं. "आपलं बोलणं सुरू होईल तेव्हा होईल. आज माझ्याकडे तुझ्यासाठी शब्द नाहीत, बाई."

थंडीबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि मग बाहेर गेल्या. ताईने फोन उचलून इस्पितळाचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत होती. कुणी उचलेपर्यंत तिने डोळे कोरडे करून घेतले.